पाहणे आणि रेखाटणे

२०२० च्या टाळेबंदीने शाळा घराघरांत आणून ठेवली. पुढे वर्ग पुन्हा भरू लागले, तरी पडद्यावरचे शिक्षण घरातून गेले नाही. आणि ते जाऊ नये, असेच विज्ञान शिकविणाऱ्या माझ्यासारख्यास वाटते. हृदयाच्या झडपांची उघडझाप फळ्यावर दाखविणे कठीण. चलचित्रात ती सहज कळते. टाकाऊ वस्तूंपासून वैज्ञानिक खेळणी करण्याच्या अरविंद गुप्ता यांच्या चित्रफिती तर विनामूल्य आहेत. आडगावच्या मुलालाही त्या पाहता येतात.

तथापि एक उणीव राहते. चित्रफीत पाहून ‘समजले’ म्हणणाऱ्या विद्यार्थ्यास त्याच वस्तूचे चित्र काढावयास सांगावे, तर पेन्सिल मध्येच थबकते. पानाचा देठ कोठे जुळतो, शिरा कशा फुटतात, हे सारे डोळ्यांसमोरून गेलेले असते, पाहिलेले नसते. रेखाटताना मात्र प्रत्येक रेषेपूर्वी वस्तूकडे पुन्हा वळावे लागते.

स्पेनचे शास्त्रज्ञ सान्तियागो रामोन इ काहाल (जन्म १८५२) यांचे चरित्र या दृष्टीने पालकांनी अवश्य जाणून घ्यावे. बालपणी त्यांना चित्रकलेचे विलक्षण वेड होते. वैद्यकी करणाऱ्या वडिलांस ते निरुपयोगी वाटे. त्यांनी मुलाला केस कापणाऱ्याकडे आणि जोडे शिवणाऱ्याकडे उमेदवारीस ठेवले. पुढे त्याच वडिलांनी हाडांची चित्रे काढावयास लावून त्यास शरीररचना शिकविली, आणि त्या छंदाला दिशा लाभली.

इटलीच्या कामिल्लो गोल्जी यांनी चांदीच्या क्षाराने चेतापेशी काळ्या रंगविण्याची रीत शोधली होती. ती सुधारून काहाल सूक्ष्मदर्शकातून पाहत आणि रेखाटत राहिले. गोल्जींच्या मते मेंदूतील तंतूंचे एकच अखंड जाळे होते. काहाल यांना प्रत्येक पेशी स्वतंत्र दिसली. १९०६ चे नोबेल पारितोषिक दोघांना विभागून मिळाले. पण कालांतराने काहाल यांचेच मत ग्राह्य ठरले. त्यांची रेखाटने आज कलादालनांतही मांडली जातात.

आपल्या घरांत मुलाच्या हाती रंग दिसले, की ‘अभ्यास सोडून हे काय?’ असा प्रश्न सहज उमटतो. पण व्यापारी माणूस माल दुरून पाहून घेत नाही, हाती घेऊन पारखतो. ज्ञानालाही हीच पारख हवी. म्हणून पडद्यावरचा पाठ संपला, की तो बंद करावा. गळून पडलेले पिंपळपान, एक भिंग, कोरा कागद आणि पंधरा मिनिटे एवढे पुरे. चित्र सुंदर आले का, हे विचारू नये. ‘आधी न दिसलेले काय दिसले?’ एवढेच विचारावे. ज्या दिवशी मूल याचे उत्तर उत्साहाने देईल, त्या दिवशी त्याचा खरा अभ्यास सुरू झाला असे समजावे.