धाप, व्यायाम आणि ताट

सीओपीडी हा फुफ्फुसांचा चिवट आजार. विडी-सिगारेटमुळे होतो, तसाच वर्षानुवर्षे चुलीचा धूर घेतलेल्या बायकांनाही होतो. घरात त्याला सरसकट ‘दमा’ म्हणतात. औषधांच्या जोडीला डॉक्टर चालणे, हलकी वजने उचलणे, श्वासाचे व्यायाम असा कार्यक्रम देतात. ताटाकडे मात्र कुणाचे लक्ष जात नाही.

या रोग्यांचा नुसता श्वास घेण्यातच जास्त उष्मांक खर्च होतो. त्यात जेवताना धाप लागते, पोट भरले की श्वासपटलाला जागा उरत नाही, म्हणून माणूस अर्ध्यावर उठतो. वजन उतरते, मांड्यांचे स्नायू झिजतात. अशा अंगाला व्यायाम दिला आणि खाणे वाढवले नाही, तर स्नायू बांधायला माल कुठून येणार?

निरोगी प्रौढाला दर किलो वजनामागे रोज सुमारे 0.8 ग्रॅम प्रथिने पुरतात. दीर्घ आजारातल्या वयस्करांना 1.2 ते 1.5 ग्रॅम सुचवतात. म्हणजे 50 किलोच्या आजींना 60 ते 75 ग्रॅम. एका अंड्यात जेमतेम 6 ग्रॅम असतात, आणि वरणाचे पाणी पिऊन तर काहीच साधत नाही. घट्ट वरण, उसळ, दही, पनीर, मासे यांतले काहीतरी प्रत्येक खाण्यात हवे. दोन मोठ्या जेवणांऐवजी पाच-सहा वेळा थोडेथोडे खावे, आणि व्यायामाला भरल्या पोटी जाऊ नये. मूत्रपिंडाचा आजार असेल तर प्रथिनांचे प्रमाण डॉक्टरांनीच ठरवावे.