पालकत्वाचा कायदा आणि अपंग व्यक्तीची इच्छा

असमर्थ ठरवलेल्या प्रौढ व्यक्तीसाठी पालक नेमण्याचा भारतीय कायदा मूलतः माणसाच्या नव्हे, तर मालमत्तेच्या चिंतेतून आकाराला आला. १९१२ च्या ‘इंडियन ल्युनसी ॲक्ट’नुसार न्यायालयीन चौकशी होऊन पालक किंवा मालमत्तेचा व्यवस्थापक नेमला जाई; १९८७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने जुने अपमानास्पद शब्द टाकून दिले, तरी ही चौकशी मालमत्ताधारकांपुरतीच राहिली. १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी स्थानिक समितीकडून पालक नेमण्याची सोय केल्याने आईवडिलांचे न्यायालयातील हेलपाटे वाचले. मात्र ज्याच्यासाठी पालक नेमायचा, त्याची संमती येथेही आवश्यक नव्हती.

ही उणीव केवळ तात्त्विक नव्हती. १९९४ मध्ये पुणे जिल्ह्यातील शिरूरच्या शासकीय निवासगृहातील बौद्धिकदृष्ट्या अक्षम मुलींची गर्भाशये मासिक पाळीतील स्वच्छतेचे कारण देऊन काढण्यात आली, आणि महिला संघटनांनी विरोध केल्यानंतरच ते थांबले. सांभाळणाऱ्याची सोय हेच सांभाळल्या जाणाऱ्याचे हित मानले गेले, की त्या व्यक्तीचे शरीरही तिचे उरत नाही, हे तेथे उघड झाले. २००९ मध्ये सुचिता श्रीवास्तव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, चंडीगडच्या शासकीय संस्थेतील बौद्धिकदृष्ट्या अक्षम, बलात्कारपीडित तरुणीला गर्भ ठेवायचा असताना तिच्या संमतीविना गर्भपात करता येणार नाही, असा निर्णय दिला.

भारताने २००७ मध्ये मान्य केलेल्या संयुक्त राष्ट्रांच्या अपंग हक्क करारातील बाराव्या कलमाने अपंगांची ‘कायदेशीर क्षमता’, म्हणजे हक्क धारण करण्याची आणि ते स्वतः बजावण्याची पात्रता, इतरांच्या बरोबरीची मानली. त्यानुसार २०१६ च्या अपंग हक्क कायद्याने ‘मर्यादित पालकत्व’ आणले. त्यात विशिष्ट निर्णयासाठी आणि ठरावीक काळासाठी पालक व अपंग व्यक्ती परस्परविश्वासाने एकत्र निर्णय घेतात. परंतु या कायद्यातील मर्यादित पालकत्वाच्याच कलमाच्या परंतुकाने, म्हणजे अपवाद सांगणाऱ्या जोडवाक्याने, ‘संपूर्ण आधार’ देण्याची मुभा ठेवली, आणि जुने पालकत्व नव्या नावाने परत येण्याची वाट उघडी राहिली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने उपचारांविषयीची इच्छा आधीच लिहून ठेवण्याचा हक्क दिला, तथापि पालकत्वाचे जुने प्रकरण वगळताना दीर्घ बेशुद्धीत असलेल्यांसाठी कोणतीच तरतूद केली नाही. त्यामुळे अशा रुग्णांचे बँक खाते चालवण्यासाठीही कुटुंबीयांना संविधानाच्या २२६ व्या अनुच्छेदाखाली उच्च न्यायालयात जावे लागते.