सांता मोनिकाचें प्रार्थनामंदिर

जुन्या गोव्यांतील सांता मोनिका हा एकांतवासी धर्मभगिनींचा मठ १६०६ सालीं आरंभिला व १६२७ सालीं पुरा झाला. १६३६ सालीं तो आगींत सांपडला, तरी लागलीच पुन्हां उभा राहिला. शेवटची भगिनी १८८५ सालीं वारली. त्यांच्या प्रार्थनामंदिरांत आतां ख्रिस्ती कलेचें संग्रहालय असून, तें नूतनीकरणानंतर २०२२ सालीं पुनश्च उघडलें.

अशा जुन्या वास्तूची डागडुजी सोपी नव्हे. आपल्या तळेगांवाकडे काळा कठीण दगड. तेथें सच्छिद्र जांभा. तो पावसाचें पाणी शोषितो. चुन्याच्या गिलाव्यांतून ती ओल बाहेर पडते. सिमेंटाखालीं मात्र कोंडून दगड झिजविते. सिमेंटाचा असला झटपट उपकार आम्हांस अपकारच वाटतो! चुना सावकाश मुरतो, म्हणून काम लांबतें. पण भिंत वांचते.