साडेतीनशे किलोमीटरची हवा!

लंडन ते पॅरिस अंतर किती, माहीत आहे का? सरळ रेषेत जेमतेम ३४४ किलोमीटर! तिकिटावर वेळ मात्र सव्वा तासाची. प्रत्यक्ष हवेत? बऱ्याचदा पाऊण तासच! बाकीचा वेळ विमान धावपट्टीकडे रांगतं, नाहीतर रांगेत थांबतं.

आता घड्याळाची जादू. पॅरिस लंडनच्या एक तास पुढे. म्हणजे पॅरिसहून सकाळी ९ला निघा, सव्वा तास उडा आणि लंडनला उतरा... सव्वानऊला! खूश होऊ नका. परतताना तो तास वसूल होतोच.

हवेतून इंग्लिश खाडी सगळ्यात आधी कोणी ओलांडली? बलूनवाल्यांनी! ७ जानेवारी १७८५ला ब्लांशार आणि डॉ. जेफ्रीज डोव्हरहून फ्रान्सकडे निघाले. खाडीवर आले आणि बलून लागलं खाली यायला. मग काय, फेका सामान! नांगर गेले, कोट गेले, शेवटी ब्लांशारसाहेबांची पॅन्टही गेली. दोघे कॅलेजवळच्या जंगलात सुखरूप उतरले, कुडकुडत. हल्ली बॅगेचं वजन जास्त भरलं की आपण काउंटरसमोर दोन-दोन स्वेटर अंगावर चढवतो. प्रगती म्हणतात ती हीच!

पुढे २५ जुलै १९०९ला लुई ब्लेरिओने हीच खाडी विमानाने ओलांडली. साधारण ३७ मिनिटं, बक्षीस १००० पौंड! फ्रान्सच्या आर्देलो किनाऱ्यावर या ब्लेरिओच्या घराशेजारी सुट्टीला येणारा एक मुलगा त्याची विमानं बघून वेडा झाला. जन्म पॅरिसचा, नाव जे. आर. डी. टाटा. १९३२मध्ये हाच पठ्ठ्या कराचीहून टपाल घेऊन जुहूला उतरला.

रोजच्या आंतरराष्ट्रीय विमानसेवेचा नारळ कुठे फुटला, माहीत आहे का? याच लंडन-पॅरिस मार्गावर, २५ ऑगस्ट १९१९ला! पहिल्या फेरीत प्रवासी किती? एक! सोबतीला वर्तमानपत्रं, चामडं, डेव्हनशायरची साय आणि शिकारीचे पक्षी. वेळ सुमारे अडीच तास. ऑक्टोबरमध्ये याच मार्गावर ३ शिलिंगांत लंच बॉक्सही मिळू लागला. विमानातल्या जेवणाला नाकं मुरडण्याची सोय तेव्हापासूनची.

याच मार्गावरचा एक किस्सा मात्र गंभीर. तेव्हाचे पायलट खालचा रस्ता बघत उडायचे. ७ एप्रिल १९२२ला धुक्यात एकाच रस्त्यावरून समोरासमोर येणारी दोन विमानं धडकली, सात जण गेले. प्रवासी विमानांची हवेतली ही पहिली टक्कर. मग आकाशातही उजवीकडून जाण्याचा नियम सगळ्यांनी पाळायचं ठरलं.

आणि ट्रेन? १९९४पासून युरोस्टार समुद्राखालून सुसाट! बोगदा ५० किलोमीटरचा, त्यातला सुमारे ३८ समुद्रतळाखाली. सव्वादोन तासांत थेट शहराच्या मध्यात. २००७मध्ये एका खास गाडीने पॅरिस-लंडन २ तास ३ मिनिटं ३९ सेकंदांत मारलं. विमानतळावर बेल्ट-बूट काढून उभं राहणाऱ्यांनी हा आकडा वाचू नये.

सव्वा तासही जास्त वाटतो? मग स्कॉटलंडला जा! ऑर्कनी बेटांत वेस्ट्रे ते पापा वेस्ट्रे विमान फक्त २.७ किलोमीटर उडतं. वेळापत्रकात २ मिनिटं, विक्रम ५३ सेकंदांचा! नशीब जोरावर असेल तर पायलटशेजारचीच सीट मिळते. फक्त सेल्फीचा अँगल जमिनीवरच ठरवून ठेवा.