भानामतीपासून मॅजिक नंबरपर्यंत

जास्वंदीच्या पाकळ्या सुरीच्या पात्यावर चोळून वाळवा. मग त्या सुरीनं लिंबू कापा. लिंबाचं आम्ल लागताच पाकळ्यांचा रंग लाल होतो आणि रस रक्तासारखा ठिबकतो. मी कॉलेजात कॉम्प्युटर शिकवतो आणि सुट्टीत गावोगाव हा प्रयोग दाखवतो. ‘करणी केलीय’ असं सांगून पैसे उकळणाऱ्या मांत्रिकाच्या हातात हेच लिंबू असतं. अख्खं घर त्यापायी कर्जात बुडतं, शेजारची म्हातारी चेटकीण ठरते. अंधश्रद्धेविरुद्ध लढणारे नरेंद्र दाभोलकर वर्षानुवर्षं जादूटोणाविरोधी कायद्यासाठी झगडले. 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात त्यांचा खून झाला आणि त्याच वर्षी तो कायदा आला.

पुण्याच्या जादूगार रघुवीरांसारखे कलावंतही जादूच करत, पण त्यांचा प्रेक्षक हातचलाखी बघायलाच तिकीट काढून येई. त्यात कुणाचं घर बुडत नाही.

आमच्या धंद्यातली जादू मला सर्वात प्रिय. फोटोच्या फाइलचं नाव बदलून ‘हिशेब.टीएक्सटी’ करा, लिनक्सवर ‘फाइल’ ही कमांड दिली की ती तरीही सांगते, हा जेपेग फोटो आहे. कारण ती नावाकडे न बघता फाइलचे पहिले बाइट वाचते. जेपेगची सुरुवात एफएफ डी8 एफएफ अशी, पीडीएफची टक्केचिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी. झिपची सुरुवात ‘पीके’, ही झिप बनवणाऱ्या फिल कॅट्झची आद्याक्षरं. या खुणांना मॅजिक नंबर म्हणतात. पोरं डोळे विस्फारतात, तेव्हा मी त्यांना ते बाइट उघडून दाखवतो.

अमेरिकेतल्या एमआयटीच्या प्रयोगशाळेत पीडीपी-10 संगणकाच्या कपाटावर एक स्विच होता. एका बाजूला लिहिलेलं ‘मॅजिक’, दुसऱ्या बाजूला ‘मोअर मॅजिक’. त्याला एकच वायर जोडलेली, म्हणजे त्याचा काही उपयोग असणं शक्य नव्हतं. तरी ‘मोअर मॅजिक’वरून बटण फिरवलं की संगणक बंद पडे! तिथल्या मंडळींनी त्याला उदबत्ती ओवाळली नाही. वायर तपासली, तर ती ग्राउंडला गेलेली. स्विचचं धातूचं अंग कपाटाला टेकून सर्किटचा आणि कपाटाचा असे दोन ग्राउंड जोडले जात असावेत, असा एक तर्क पुढे मांडला गेला. माझ्या विद्यार्थ्यांचं या तर्कावरून अजून भांडण चालतं, आणि मी ते चालू देतो.