आवाज मधेच का तुटतो?

आमच्या घरी ब्लूटूथचा स्पीकर आहे. पहाटे मोबाइलवरून त्यावर भजन लावतो. परवा आवाज सारखा तुटू लागला. सूनबाई म्हणाली, "मामंजी, बिघडलाच हा. नवा आणावा लागेल." पण पेरणीच्या दिवसांत पैसा कुठला?

आम्ही स्पीकर चार्ज केला. तरी तेच. मग ध्यानात आले. मोबाइल आमच्या सदऱ्याच्या खिशात! स्पीकरकडे तोंड केले की भजन नीट चाले. पाठ फिरवली की तुटे.

या स्पीकरला तार नसते. आवाज रेडिओलहरींवरून जातो. मोकळ्यात त्या साधारण 10 मीटर पोचतात. आपल्या अंगात पाणी फार. ते या लहरी शोषून घेते. जाड भिंतही अडवते.

मोबाइल स्पीकरसमोर फळीवर ठेवला. भजन पुरे झाले. एवढ्याने न भागले, तर जोडणी तोडून पुन्हा करावी.