उठायचं कधी, बसायचं कधी

आपल्या मंडळातल्या दोघातिघांनी विचारलं, "तू मेथडिस्ट ना? मग अँग्लिकन कधी झालास?" तर थोडं सांगतो.

आधी पाटीचा घोळ. बेळगावात 'अँग्लिकन' अशी पाटी शोधू नका. 27 सप्टेंबर 1947 रोजी मद्रासला अँग्लिकन, ब्रिटिश मेथडिस्ट आणि प्रेस्बिटेरियन-काँग्रिगेशनल मंडळ्या एकत्र येऊन चर्च ऑफ साऊथ इंडिया, म्हणजे सीएसआय झालं. उत्तरेकडचं सीएनआय 1970 साली नागपुरात झालं. अमेरिकन मिशनच्या मेथडिस्ट मंडळ्या बाहेर राहिल्या, आमचं घर त्यातलं.

गेल्या वर्षी आजी गेली. आमच्या घरात प्रार्थना आपल्या शब्दांत करायची पद्धत, आणि ती आजीच करायची. ती गेल्यावर माझी पाळी आली, तर तोंडातून शब्दच फुटेना. तेव्हा एक मित्र मला कॅम्पातल्या त्याच्या चर्चला घेऊन गेला.

पहिल्या रविवारी फजिती झाली. सगळे उठले की मी बसलेला, सगळे गुडघ्यावर तेव्हा मी उभा! नंतर कळलं, साधा हिशेब आहे. गाताना, मतांगीकार म्हणताना आणि शुभवर्तमान वाचलं जाताना उभं राहायचं. बाकीची वाचनं आणि उपदेश बसून ऐकायचा. पापांच्या कबुलीला गुडघे टेकायचे. चुकलात तरी कोणी वळून बघत नाही.

हे सगळं पुस्तकात छापलेलं असतं. त्याचं मूळ 1549 च्या 'बुक ऑफ कॉमन प्रेयर'मध्ये. त्यातलं 'कॉमन' म्हणजे सगळ्यांची मिळून. लॅटिन सोडून लोकांच्या भाषेत उपासना व्हावी म्हणून इंग्लंडात ते निघालं. (आणि मी बेळगावचा मराठी मुलगा इंग्रजीत प्रार्थना करतोय, हेही खरंच.) पण कबुलीचे शब्द समोर तयार होते आणि शंभर माणसं ते माझ्याबरोबर म्हणत होती. कित्येक महिन्यांनी माझा आवाज फुटला.

मग 'शांती' देतात. पाळकांकडून सुरू होऊन ती हातोहात शेवटच्या बाकापर्यंत येते. आपला उजवा तळवा शेजाऱ्याच्या उजव्या तळव्याला लावायचा, डावा हात वरून मिटायचा. सीएसआयने ही रीत केरळच्या सुरियानी ख्रिस्ती लोकांकडून घेतली.

सभासद व्हायला मात्र वेळ लागतो. पाळकसाहेबांनी बाप्तिस्म्याचा दाखला आणि जुन्या मंडळीचं पत्र मागितलं. बाप्तिस्मा पुन्हा घ्यावा लागत नाही; पाण्याने आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा यांच्या नावाने झालेला असला की झालं. दृढीकरणाचे वर्ग असतात, शेवटी बिशप येऊन डोक्यावर हात ठेवतात. माझे वर्ग चालू आहेत.

आजोबांना हे पटलेलं नाही. "बघून म्हटलेली प्रार्थना ती कसली रे प्रार्थना?" मी म्हटलं, "आजोबा, जॉन वेस्ली मरेपर्यंत अँग्लिकन पाळकच होते." त्यावर ते म्हणाले, "असतील. पण तुझी आजी पुस्तक बघत नव्हती." याला माझ्याकडे उत्तर नाही.

प्रभूची प्रार्थना तेवढी मी मराठीतच पुटपुटतो. शेजारच्या बाकावरच्या काकू कन्नडमध्ये म्हणतात. 'आमेन'ला आम्ही सगळे बरोबर पोचतो.